मानवी सेरोटोनिन ग्राहीच्या जनुकाचे वहन करणारे लेंटिव्हायरस कण : घडण, उपयोग आणि निष्कर्षांच्या मर्यादा

सारांश

सेरोटोनिन या चेतापारेषक द्रव्याचे कार्य पेशीच्या पटलावरील ग्राही प्रथिनांमार्फत चालते. या ग्राहींचा अभ्यास करण्यासाठी मानवी जनुक दुसऱ्या पेशीत नेऊन तेथे कार्यान्वित करावे लागते. त्यासाठी लेंटिव्हायरसपासून तयार केलेले, स्वतःची वाढ करण्याची क्षमता काढून घेतलेले कण उपयोगात आणले जातात. प्रस्तुत लेखात या कणांची घडण, मात्रेचे गणित, प्रयोगाची पडताळणी, महाराष्ट्रातील संबंधित संशोधन आणि सुरक्षिततेचे नियम यांचा परिचय करून दिला आहे. जनुक पेशीत पोहोचले एवढ्यावरून ग्राहीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. तो निष्कर्ष मात्रा, तुलनात्मक नियंत्रण आणि पेशीचे पर्यावरण या तीन गोष्टींवर अवलंबून असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सेरोटोनिन, ग्राही प्रथिन, जनुकवाहक, लेंटिव्हायरस, जैवसुरक्षा.

१. प्रस्तावना

जैवतंत्रज्ञानातील अनेक संज्ञा आज वृत्तपत्रांतून सामान्य वाचकापर्यंत पोहोचल्या आहेत. मात्र संज्ञा परिचित होणे आणि तिच्यामागील प्रक्रिया समजणे यांत अंतर आहे. ‘लेंटिव्हायरस’ हा शब्द उच्चारताच वर्गात हमखास एक प्रश्न येतो : ‘हा एड्सचाच विषाणू ना?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. तसेच ‘सेरोटोनिन म्हणजे आनंदाचे रसायन’ हे विधान मानसशास्त्रापासून गृहविज्ञानापर्यंत अनेक विषयांच्या अध्यापनात सहजपणे केले जाते. या दोन्ही समजुतींना ज्या एका प्रयोगतंत्राच्या आधारे तपासता येते, ते तंत्र म्हणजे लेंटिव्हायरस कणांच्या साहाय्याने मानवी सेरोटोनिन ग्राहीची पेशीतील निर्मिती. ओझर, नारायणगाव, जुन्नर, मंचर या परिसरातील महाविद्यालयांत असे प्रयोग करण्याइतकी साधने सहसा नसतात. तथापि त्या प्रयोगांवर आधारलेली विधाने आपण रोज शिकवितो. म्हणून त्यांचा पाया समजून घेणे हे केवळ विज्ञान शाखेच्याच नव्हे, तर सर्व शाखांच्या प्राध्यापकांच्या दृष्टीने उपयुक्त ठरावे.

२. सेरोटोनिन आणि त्याचे ग्राही

इटालियन शास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामर यांनी १९३५ च्या सुमारास आतड्याच्या अस्तरातील पेशींतून एक द्रव्य वेगळे केले व त्यास ‘एंटेरामाइन’ असे नाव दिले. १९४८ मध्ये अमेरिकेत मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन व आयर्विन पेज यांना रक्तद्रवात रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडविणारे द्रव्य सापडले. रक्तद्रव म्हणजे सीरम आणि वाहिन्यांचा ताण म्हणजे टोन, यांवरून ‘सेरोटोनिन’ हे नाव पडले. पुढे ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे सिद्ध झाले. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग व पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखविले. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आजही आतड्यातच मोजले जाते, ही गोष्ट ‘आनंदाचे रसायन’ या नावाने झाकली जाते.

या इतिहासात महाराष्ट्राचाही एक दुवा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा या वनस्पतीच्या उच्च रक्तदाबावरील उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये सर्पगंधेतून ‘रेसरपिन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५५ मध्ये रेसरपिनमुळे ऊतींमधील सेरोटोनिनचा साठा रिता होतो, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसून आले. औषध, सेरोटोनिन आणि वर्तन यांचा परस्परसंबंध शोधण्याच्या वाटेवरील हा महत्त्वाचा टप्पा होता.

सेरोटोनिन स्वतः पेशीत शिरून कार्य करीत नाही. पेशीपटलावरील ग्राही प्रथिनाशी ते जोडले जाते व तो ग्राही पेशीच्या आत संदेश पाठवितो. या ग्राहींची सात कुळे आहेत. त्यांपैकी ‘५-एचटी-३’ हे कुळ आयनांना वाट देणारे द्वार आहे. उरलेली सर्व कुळे ‘जी-प्रथिन’ या मध्यस्थामार्फत संदेश देतात. ‘५-एचटी-१ए’ हा ग्राही पेशीतील चक्रीय एएमपीचे प्रमाण घटवितो, तर ‘५-एचटी-२ए’ हा पेशीतील कॅल्शियम वाढवितो. म्हणजे एकच द्रव्य, परंतु ग्राही बदलला की परिणाम बदलतो. त्यामुळे ‘सेरोटोनिन काय करते?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या पेशीतील कोणत्या ग्राहीवर?’ असे विचारणे आवश्यक ठरते.

३. जनुक परक्या पेशीत का चालवावयाचे?

मेंदूच्या एकाच ऊतीत अनेक प्रकारचे ग्राही एकत्र असतात. त्यांपैकी एकाचाच गुणधर्म मोजावयाचा तर तो ग्राही मुळात नसलेल्या पेशीत एकट्याने निर्माण करावा लागतो. या पद्धतीचे सामर्थ्य ‘५-एचटी-१ए’ ग्राहीच्या इतिहासातूनच स्पष्ट होते. १९८७ मध्ये ब्रायन कोबिल्का व त्यांच्या सहकाऱ्यांना ॲड्रेनॅलिनच्या ग्राहीशी साम्य असलेले एक मानवी जनुक मिळाले. त्याला ‘जी-२१’ असे तात्पुरते नाव होते. त्याचे कार्य अज्ञात होते. १९८८ मध्ये हेच जनुक माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळविलेल्या पेशींत कार्यान्वित केल्यावर तयार झालेले प्रथिन सेरोटोनिनच्या ‘५-एचटी-१ए’ ग्राहीसारखे वागते, असे आढळले. अर्थात जनुकाचा क्रम वाचून जे निश्चित होत नव्हते, ते जनुक चालवून पाहिल्यावर निश्चित झाले. कोबिल्का व रॉबर्ट लेफकोविट्झ यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अशाच ग्राहींच्या संशोधनाबद्दल मिळाले.

मानवी जनुकाचाच आग्रह का, या प्रश्नाचे उत्तर १९९२ च्या एका संशोधनात मिळते. माणूस व उंदीर यांच्या ‘५-एचटी-१बी’ ग्राहींत मोठे साम्य असूनही काही औषधे त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात जोडली जातात. याचे कारण एकाच अमिनो आम्लाचा फरक हे होते. मानवी ग्राहीत त्या जागी थ्रिओनिन असते, उंदरात ॲस्परजिन. मानवी ग्राहीतील ते एक आम्ल बदलताच तो औषधांच्या बाबतीत उंदराच्या ग्राहीसारखा वागू लागला. उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावण्यातील धोका यावरून लक्षात येतो.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. वजन कमी करण्यासाठी वापरले जाणारे फेनफ्लुरामिन हे औषध हृदयाच्या झडपांना इजा पोहोचवीत असल्याचे आढळल्यानंतर १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. २००० मध्ये, मानवी सेरोटोनिन ग्राही कृत्रिम रीतीने निर्माण केलेल्या पेशींवर तपासणी केली असता, या औषधापासून शरीरात तयार होणारे नॉरफेनफ्लुरामिन हे ‘५-एचटी-२बी’ ग्राहीला जोमाने उत्तेजित करते, असे दिसून आले. हृदयाच्या झडपांत हाच ग्राही असतो. आज नवे औषध विकसित करताना ते ‘५-एचटी-२बी’ ग्राहीला उत्तेजित करते काय, हे आरंभीच पाहिले जाते. तेच फेनफ्लुरामिन पुढे २०२० मध्ये, अल्प मात्रेत व हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर, लहान मुलांतील एका दुर्धर अपस्मारासाठी अमेरिकेत संमत झाले. ग्राहीची ओळख पटल्यामुळे धोका कोठे पाहावयाचा, हे तोपर्यंत कळले होते.

४. वाहन म्हणून लेंटिव्हायरस

वरील प्रयोगांत जनुक पेशीत नेण्यासाठी प्रामुख्याने रासायनिक पद्धती वापरल्या जात. त्यांत दोन अडचणी आहेत. बहुतेक पेशींत जनुक काही दिवसच टिकते, आणि चेतापेशींसारख्या विभाजन न होणाऱ्या पेशी ते सहजी स्वीकारीत नाहीत. लेंटिव्हायरस या दोन्ही अडचणी दूर करतो. तो आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो व ते पेशीच्या गुणसूत्रात कायमचे जोडतो. शिवाय पेशीचे विभाजन होण्याची त्याला वाट पाहावी लागत नाही.

‘लेंटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मंद. आइसलँडमधील मेंढ्यांच्या एका रोगाचा अभ्यास करताना ब्योर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये ‘मंद संसर्गा’ची कल्पना मांडली. संसर्ग झाल्यानंतर लक्षणे दिसण्यास महिने किंवा वर्षे लागत. मेंढ्या, शेळ्या, घोडे, मांजरे व माणूस यांना बाधा करणारे विषाणू या गटात आहेत. मानवातील एचआयव्ही हा त्यांपैकी एक होय. संशोधनात वापरले जाणारे बहुतेक वाहक एचआयव्ही-१ पासूनच तयार केलेले असतात. १९९६ मध्ये लुइजी नाल्दिनी, इंदर वर्मा, दिदिए त्रोनो आदींनी अशा वाहकाने उंदराच्या मेंदूतील प्रौढ चेतापेशींत जनुक पोहोचवून दाखविले. तेथून या तंत्राचा प्रसार झाला.

५. कणांची घडण

एचआयव्ही-१ मध्ये नऊ जनुके असतात. आज प्रचलित असलेल्या तिसऱ्या पिढीच्या पद्धतीत त्यांपैकी केवळ तीन वापरली जातात : कणाचा सांगाडा घडविणारे ‘गॅग’, आवश्यक विकरे पुरविणारे ‘पोल’ आणि आरएनए पेशीकेंद्राबाहेर आणण्यास मदत करणारे ‘रेव्ह’. रोगकारकतेशी निगडित असलेली उरलेली जनुके वगळली जातात. ही तीन जनुकेही कणात भरली जात नाहीत. ती स्वतंत्र प्लास्मिडांवर, म्हणजे वर्तुळाकार डीएनए रेणूंवर, ठेवली जातात.

विषाणूचे बाह्य आवरणही बदलले जाते. एचआयव्हीचे मूळ आवरण त्याला प्रामुख्याने रोगप्रतिकार यंत्रणेच्या ठरावीक पेशींतच प्रवेश देते. त्याऐवजी गुराढोरांना बाधणाऱ्या ‘व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस’ विषाणूचे आवरण-प्रथिन दिले जाते. अनेक प्रकारच्या पेशींवर आढळणाऱ्या मेदवाहक ग्राहीशी ते जोडले जात असल्यामुळे कणांना जवळजवळ सर्वत्र प्रवेश मिळतो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने १९६५ मध्ये नागपूर येथील रुग्णांपासून वेगळा केलेला चांदिपुरा विषाणू हा याच कुळातील आहे.

चौथ्या प्लास्मिडावर मानवी सेरोटोनिन ग्राहीचे जनुक, त्याला चालना देणारा प्रवर्तक आणि ‘हा आरएनए कणात भरावा’ असा निर्देश देणारा क्रम असतो. हा निर्देश इतर तीन प्लास्मिडांवर नसल्याने कणात फक्त मानवी जनुकाचा संदेश जातो. ‘५-एचटी-१ए’ ग्राहीत ४२२ अमिनो आम्ले असून त्याचे सांकेतिक क्षेत्र सुमारे १,२७० न्यूक्लिओटाइडांचे आहे. त्यात मध्ये खंड पाडणारे क्रमही नाहीत. कणाची वहनक्षमता आठ ते नऊ हजार न्यूक्लिओटाइडांच्या आसपास असल्याने हे जनुक त्यात सहज मावते.

ही चारही प्लास्मिडे मानवी मूत्रपिंडापासून तयार केलेल्या ‘एचईके-२९३टी’ पेशींत एकाच वेळी सोडली जातात. ४८ ते ७२ तासांनी पेशींच्या पोषकद्रवात कण जमा होतात. हा द्रव गाळून, आवश्यक तर अतिवेगवान अपकेंद्रकाने संहत करून, लहान लहान भागांत उणे ८० अंश सेल्सिअस तापमानात साठविला जातो. द्रव वारंवार वितळवून गोठविल्यास कणांची कार्यक्षमता घटते, म्हणून एका वेळी लागेल तेवढाच भाग बाहेर काढला जातो.

तयार कण पेशीत शिरतो, जनुक गुणसूत्रात जोडतो आणि तेथेच त्याचा प्रवास संपतो. नवे कण घडविण्याची माहिती त्याच्याजवळ नसते. म्हणूनच वर्गातील प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : हे कण एचआयव्हीच्या भागांपासून घडविलेले आहेत, परंतु त्यांच्यात एचआयव्ही पुन्हा निर्माण करण्याची क्षमता नाही.

६. मात्रेचे गणित

दर पेशीमागे किती कार्यक्षम कण दिले, या गुणोत्तरास संसर्गगुणक म्हणता येईल. एक कोटी पेशींना एक कोटी कण दिले तर प्रत्येक पेशीला एकेक कण मिळेल, अशी प्रथमदर्शनी समजूत होते. प्रत्यक्षात कणांचे वाटप यादृच्छिक असते व ते पॉयसाँ वितरणाचे अनुसरण करते. संसर्गगुणक १ असताना सुमारे ३७ टक्के पेशींना एकही कण मिळत नाही, ३७ टक्के पेशींना एक मिळतो आणि २६ टक्के पेशींना दोन किंवा अधिक मिळतात. संसर्गगुणक ०.३ ठेवल्यास ७४ टक्के पेशी कोऱ्या राहतात. परंतु ज्या पेशींत जनुक पोहोचले त्यांपैकी सुमारे ८६ टक्के पेशींत त्याची एकच प्रत असते. कोऱ्या पेशी नंतर प्रतिजैविकाच्या निवडीने वगळता येतात.

हे गणित महत्त्वाचे असण्याचे कारण असे की, एका पेशीत जनुकाच्या अनेक प्रती गेल्या तर ग्राहींची संख्या नैसर्गिक प्रमाणापेक्षा पुष्कळ वाढू शकते. मग काही थोडे ग्राही उत्तेजित झाले तरी पेशीचा पूर्ण प्रतिसाद मिळतो आणि मुळात अंशतः कार्य करणारे औषध पूर्ण प्रभावी असल्याचा भास होतो. दोष औषधाच्या मोजणीत नसतो. तो त्याआधीच्या कणांच्या मात्रेत असतो.

कण मोजण्याच्या पद्धतींतही भेद आहे. सांगाड्यातील ‘पी-२४’ प्रथिन मोजल्यास रिकामे व निकामी कणही मोजणीत येतात. प्रत्यक्ष पेशींना कण देऊन किती पेशींत जनुक रुजले हे पाहिल्यास कार्यक्षम कणांची संख्या मिळते. अहवाल वाचताना यांपैकी कोणती संख्या दिली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

७. प्रयोगाची पडताळणी

ग्राही निर्माण झाला, तो पेशीपटलावर पोहोचला आणि तो कार्य करतो, ही तीन वेगवेगळी विधाने आहेत व प्रत्येकास स्वतंत्र पुरावा लागतो. ‘५-एचटी-१ए’ ग्राहीच्या बाबतीत त्याला जोडले जाणारे ज्ञात द्रव्य जोडले जाते काय, सेरोटोनिन दिल्यावर चक्रीय एएमपी घटते काय आणि ग्राहीला अडविणारे द्रव्य दिल्यास हा परिणाम नाहीसा होतो काय, अशी क्रमाने तपासणी केली जाते. ग्राही सहज दिसावा म्हणून त्याच्या टोकाला प्रकाशमान प्रथिन जोडण्याची प्रथा आहे. परंतु त्या जोडामुळेच ग्राहीचे वर्तन बदलत नाही ना, हेही तपासावे लागते.

तुलनेसाठी दोन नियंत्रण गट आवश्यक असतात : कण न दिलेल्या पेशी आणि सेरोटोनिन ग्राहीऐवजी निरुपद्रवी जनुक असलेले कण दिलेल्या पेशी. दुसऱ्या गटावाचून दिसलेला बदल ग्राहीमुळे झाला की कणांच्या प्रवेशामुळे, हे ठरविता येत नाही. आपल्या तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण येथे समर्पक ठरेल. परिसरातील विद्युत उपकरणांचा गोंगाट ओळखून वेगळा काढल्याखेरीज अवकाशातून आलेला संकेत तेथे संकेत म्हणून मान्य होत नाही. नियंत्रण गट हे जीवशास्त्रातील तेच काम करतात.

या प्रयोगांत गोंगाटाचा एक स्रोत सहज नजरेआड होतो. पेशींच्या पोषणासाठी वासराच्या गर्भाचे रक्तद्रव वापरतात, आणि सेरोटोनिन तर प्रथम रक्तद्रवातच सापडले होते. पोषकद्रवातील हे सेरोटोनिन प्रयोगापूर्वीच ग्राहीला उत्तेजित करीत राहते व त्याची संवेदनक्षमता बदलते. म्हणून लहान रेणू काढून टाकलेले रक्तद्रव वापरणे इष्ट असते.

पेशीच्या पटलाची घडणही दुर्लक्षून चालत नाही. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात प्रा. अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने गोवंशीय मेंदूच्या पटलांवर तसेच मानवी ‘५-एचटी-१ए’ ग्राही निर्माण करणाऱ्या पेशींवर दीर्घकाळ संशोधन केले. पटलातील कोलेस्टेरॉल काढून घेतल्यास या ग्राहीची जोडणीक्षमता घटते, असे त्यांनी दाखविले. यावरून एकच जनुक दोन वेगळ्या पेशींत दोन वेगळ्या प्रकारे का वागू शकते, हे समजते.

८. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. विदिता वैद्य यांचा गट सेरोटोनिन व भावनिक वर्तन यांचा अभ्यास करतो. २०१९ मध्ये या गटाने प्रा. उल्लास कोलथूर-सीताराम यांच्या सहकार्याने प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, सेरोटोनिनमुळे उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींत तंतुकणिकांची संख्या व ऊर्जानिर्मिती वाढते आणि हा परिणाम ‘५-एचटी-२ए’ ग्राहीमार्फत घडतो, असे दाखविले गेले. हा ग्राही नसलेल्या उंदरांच्या पेशींत तो परिणाम दिसला नाही. ‘ग्राही काढून घ्या आणि परिणाम जातो काय पाहा’ हा या युक्तिवादाचा पूर्वार्ध. ‘ग्राही परत द्या आणि परिणाम परततो काय पाहा’ हा उत्तरार्ध. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘५-एचटी-२ए’ नसलेल्या उंदरांत चिंतासदृश वर्तन घटते व केवळ बाह्यकात तो ग्राही पूर्ववत केल्यास ते वर्तनही पूर्ववत होते, असे दाखविले. त्यांनी त्यासाठी उंदरांच्या जनुकसंचातच बदल केला होता. लेंटिव्हायरस कणांमुळे असा उत्तरार्ध नवी उंदीरजात न घडविता, मेंदूच्या ठरावीक भागात किंवा संवर्धित पेशींत पार पाडता येतो.

दुसरे उदाहरण उपचाराचे आहे. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र व इम्युनोॲक्ट यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ या रक्तकर्करोगावरील उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची संमती मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, लेंटिव्हायरस वाहकाद्वारे त्यांत कर्कपेशी ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक घातले जाते. वाहक त्याच प्रकारचा, केवळ त्यातील जनुक वेगळे. प्रयोगशाळेत ग्राहीचा अभ्यास करणारे साधन रुग्णालयापर्यंत कसे पोहोचते, याचे हे आपल्या राज्यातील उदाहरण होय.

९. सुरक्षितता व नियम

या कणांची वाढ होत नसली तरी ते मानवी पेशीत शिरू शकतात व तेथील गुणसूत्रात कायमचे जोडले जातात. ज्या जागी ते जोडले जातील ती जागा आधी ठरविता येत नाही. फ्रान्समध्ये दुसऱ्या प्रकारच्या रेट्रोव्हायरस वाहकाने प्रतिकारहीन बालकांवर केलेल्या उपचारांनंतर २००२ पासून काहींना रक्तकर्करोग झाल्याचे आढळले. लेंटिव्हायरस वाहकांत हा धोका कमी असल्याचे मानले जाते, तथापि तो शून्य नाही. मेंदूच्या एका आनुवंशिक विकारावरील लेंटिव्हायरस उपचार घेतलेल्या ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यामुळे प्रयोगशाळेतही जैवसुरक्षा पातळी २ ची व्यवस्था, संरक्षक कक्ष, हातमोजे, अणकुचीदार वस्तूंचा कमीत कमी वापर आणि कचऱ्याचे निर्जंतुकीकरण अनिवार्य ठरते. भारतात पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदलाचे संशोधन करणाऱ्या संस्थेस संस्थात्मक जैवसुरक्षा समिती स्थापावी लागते. तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरावलोकन समिती असते. तयार कण विकत मिळतात, म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

१०. समारोप

लेंटिव्हायरस कण हे वाहन आहे. त्याने नेलेले जनुक पेशीत रुजल्यावर त्या पेशीत मानवी सेरोटोनिन ग्राही मिळतो, मानवी मन नव्हे. औषध ग्राहीला जोडले जाते, हे अशा पेशीत सिद्ध करता येते. त्या औषधाने उदासीनता दूर होते, हे तेथे सिद्ध होत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याने, सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे औदासीन्य येते या प्रचलित मताला सुसंगत पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. औषधे उपयुक्त आहेत की नाहीत, हा त्याहून निराळा प्रश्न आहे. सध्या घेत असलेले औषध अशा वाचनावरून कोणी परस्पर बंद करू नये, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवे.

प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयातही या विषयाचे अध्यापन अर्थपूर्ण होऊ शकते. मानव व उंदीर यांच्या ‘५-एचटी-१बी’ ग्राहीचे क्रम सार्वजनिक जनुककोशात विनामूल्य उपलब्ध आहेत. ते एकाखाली एक मांडून वेगळे अमिनो आम्ल शोधणे, हा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका तासिकेत करता येण्याजोगा अभ्यास आहे. संख्याशास्त्राचे प्राध्यापक संसर्गगुणकावरून पॉयसाँ वितरण शिकवू शकतील. मानसशास्त्राच्या वर्गात ‘आनंदाचे रसायन’ हे विधान कोणत्या ग्राहीबद्दल व कोणत्या पेशीबद्दल केले आहे, असा प्रश्न विचारता येईल. यांपैकी कोणत्याही उपक्रमास संगणक व फळा यांपलीकडे काही लागत नाही.